घरगुती फराळ-मसाल्याचं सोशल मीडिया पेज: पहिल्या दिवसापासून पहिल्या जाहिरातीपर्यंत

फेसबुकवर पेज काढायला अर्धा तासही लागत नाही. म्हणून बहुतेक जण आधी पेज काढतात, मग दर ठरवतात, मग परवान्याचं बघतात आणि पॅकिंगचा विचार पहिली ऑर्डर आल्यावर करतात. मधल्या काळात विचारणा करून गेलेलं गिऱ्हाईक परत येत नाही.

चकली, लाडू, मसाला किंवा लोणचं घेणाऱ्याचे प्रश्न ठरलेले असतात: काय आहे, कितीला, माझ्या भागात मिळेल का, कधी मिळेल आणि खात्रीचं आहे का. ही पाच उत्तरं त्याला न विचारता मिळाली, तर पेज चाललं असं समजा. फॉलोअर किती, लाइक किती हे त्यानंतरचं. पुढची सगळी मांडणी याच हिशेबाने केली आहे. उदाहरणं घरगुती खाद्यपदार्थांची घेतली आहेत, पण ब्लाउज शिवणाऱ्याला किंवा रोपं विकणाऱ्यालाही यातलं बरंच लागू पडेल.

१. पेज काढण्याआधी हाताशी काय हवं

- एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेची, नोंदणी. घरातून विकत असलात तरी ती लागतेच. अर्ज फॉसकॉस या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन भरता येतो. लहान व्यावसायिकाच्या नोंदणीसाठी फोटो, ओळखपत्र आणि जागेचा पुरावा तयार ठेवा. मिळणारा क्रमांक १४ अंकी असतो आणि तो पाकिटावर व बिलावर छापायचा असतो.
- व्यवसायासाठी वेगळं सिमकार्ड. घरचा नंबर दिलात तर रात्री साडेअकरालाही ‘लाडू आहेत का?’ येणार, आणि पुढेमागे मदतीला माणूस ठेवलात तर त्याच्या हाती घरचे सगळे मेसेज द्यावे लागणार.
- व्यवसायाचा वेगळा ईमेल आणि व्यवसायाच्या नावाने यूपीआय.
- दरपत्रक. पाव किलो, अर्धा किलो आणि एक किलो असे तीन दर पुरतात. पॅकिंगचा खर्च दरात धरा, कुरिअरचा वेगळा दाखवा.
- पाकिटाचं लेबल. त्यावर पदार्थाचं नाव, घटक (वजनाने जास्त तो आधी), निव्वळ वजन, किंमत, बॅच क्रमांक, तयार केल्याची तारीख, कधीपर्यंत वापरावं, पत्ता, तक्रारीसाठी नंबर आणि शाकाहारासाठी हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका. शेंगदाणे, तीळ, गहू, दूध यांची ॲलर्जी असणारे असतात. हे घटक ठळक लिहा.
- रोजची क्षमता. दिवसाला ८ किलो चकली निघत असेल तर २० कामाच्या दिवसांत १६० किलो. हा आकडा लिहून भिंतीला लावा, जाहिरातीच्या वेळी लागेल.

२. पेज कोणाच्या नावावर? हे आधी ठरवा

फेसबुकचं पेज कुणाच्या तरी वैयक्तिक खात्यावरूनच निघतं. हौसेने भाचा काढून देतो, किंवा ‘पेज बनवून मिळेल’ म्हणणारा डिझायनर. वर्षभराने भाचा नोकरीला बंगळुरूला जातो, डिझायनर फोन उचलत नाही, आणि पासवर्ड बदलायची वेळ आली की कळतं, पेज आपलं नव्हतंच. पेज मालकाच्या खात्यावरूनच काढा. शेजारी बसून दुसऱ्याने मदत करायला हरकत नाही.

पेज निघाल्यावर लगेच दोन कामं करा:

१. सेटिंगमध्ये ‘पेज ॲक्सेस’ असं आहे. तिथे घरातल्या आणखी एका विश्वासू माणसाला पूर्ण अधिकार द्या. एकाचं खातं बंद पडलं किंवा फोन हरवला तर दुसऱ्याच्या खात्यावरून पेज हाताळता येतं. पोस्ट टाकणाऱ्या किंवा मेसेजना उत्तर देणाऱ्या मदतनिसाला मात्र तेवढ्याच कामाचे अधिकार द्या. पूर्ण अधिकार असलेला माणूस तुम्हालाही पेजवरून काढू शकतो.
२. दोन्ही खात्यांवर टू-फॅक्टर ऑथेंटिकेशन, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारी सोय, चालू करा. एसएमएसपेक्षा ऑथेंटिकेटर ॲप बरं. बॅकअपचे कोड कागदावर लिहून कपाटात ठेवा.

‘वैयक्तिक प्रोफाइलवरच विकलं तर काय बिघडतं?’ असं पुष्कळ जण विचारतात. प्रोफाइलला मित्रांची मर्यादा ५,०००, साध्या प्रोफाइलवरून जाहिरात नीट चालवता येत नाही, आणि लेकीच्या बारशाचे फोटो नि लोणच्याचे दर एकाच भिंतीवर येतात. ओळखीच्यांना सांगायला प्रोफाइल जरूर वापरा, दुकान पेजवर मांडा.

३. नाव, वर्ग आणि माहिती

‘सुगरण’, ‘स्वाद’, ‘आईच्या हातची चव’ या नावांची पेजं इतकी आहेत की गिऱ्हाईक तुमच्याऐवजी दुसऱ्याच्या दारात जाऊन उभं राहतं. नाव ठरवण्याआधी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि गुगलवर शोधून पाहा. नावात पदार्थ आणि गाव आलं तर उत्तम: आपलं नाव, पुढे ‘फराळ व मसाले, चिपळूण’. नावात चिन्हं, चांदण्या, सगळी मोठी रोमन अक्षरं नकोत. फेसबुक अशी नावं नाकारू शकतं, आणि शोधणारा माणूस ती टाइपही करत नाही.

शोधण्याची एक खास अडचण आहे. मराठी माणूस ‘चकली’ कधी देवनागरीत टाइप करतो, कधी रोमन लिपीत. म्हणून पेजचं नाव एका लिपीत ठेवलंत तर माहितीच्या रकान्यात दुसऱ्या लिपीतही लिहा. पदार्थांची नावं दोन्ही लिपींत एकदा तरी येऊ द्या.

वर्ग निवडताना ‘पर्सनल ब्लॉग’ किंवा ‘कम्युनिटी’ घेऊ नका. खाद्यपदार्थांशी जुळणारा व्यावसायिक वर्ग घ्या. घरचा पूर्ण पत्ता जाहीर करायचा नसेल तर फक्त गाव आणि घरपोच सेवेचा भाग लिहा. मात्र ‘संपूर्ण महाराष्ट्रात डिलिव्हरी’ हे वाक्य कुरिअरचे दर काढल्याशिवाय टाकू नका.

थोडक्यात परिचयाला फेसबुकवर १०१ अक्षरं मिळतात, इन्स्टाग्रामवर १५०. त्यात ‘प्रेमाने बनवलेलं, चविष्ट, दर्जेदार’ लिहून जागा घालवू नका. असं लिहा: ‘भाजणीची चकली, बेसन लाडू, गोडा मसाला. चिपळूण घरपोच, बाहेरगावी कुरिअर. ऑर्डर व्हॉट्सॲपवर.’

प्रोफाइल फोटो गोलात कापला जातो. मजकूर भरलेला लोगो तिथे वाचताच येत नाही, म्हणून एक ठळक चिन्ह किंवा एका पदार्थाचा जवळून घेतलेला फोटो लावा. कव्हर फोटो संगणकावर आणि मोबाइलवर वेगवेगळ्या प्रमाणात दिसतो. त्यामुळे फोन नंबर कडेला लिहिला की कुठे ना कुठे कापला जातो. महत्त्वाचं ते मध्यभागी ठेवा.

४. इन्स्टाग्राम जोडा

इन्स्टाग्रामवर खातं काढून सेटिंगमधून ते प्रोफेशनल करा, ‘बिझनेस’ प्रकार निवडा आणि फेसबुक पेजला जोडा. मग मेटा (फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲपची मालक कंपनी) हिच्या ‘मेटा बिझनेस सूट’ या मोफत ॲपमधून दोन्हीकडचे मेसेज एका जागी दिसतात आणि पोस्ट आधी तयार करून ठरावीक वेळी टाकता येते. दुपारी कढईपुढे असताना मोबाइल हातात घ्यावा लागत नाही.

स्टोरी २४ तासांत जाते, पण प्रोफाइलवर हायलाइट म्हणून जपलेली स्टोरी मात्र राहते. सुरुवातीलाच चार हायलाइट करा: दर, ऑर्डर कशी द्यायची, स्वयंपाकघर, गिऱ्हाइकांचे अभिप्राय. अभिप्रायाचा स्क्रीनशॉट टाकण्याआधी समोरच्याची परवानगी घ्या, नाव, नंबर आणि फोटो झाका.

५. व्हॉट्सॲप बिझनेस: खरी विक्री इथे

आपल्याकडे माणूस फोटो इन्स्टाग्रामवर पाहतो आणि ऑर्डर व्हॉट्सॲपवर देतो. म्हणून पेजइतकाच वेळ इथे द्या. एकच नंबर साध्या आणि बिझनेस अशा दोन्ही व्हॉट्सॲपवर एकाच वेळी चालत नाही, आणि वेगळं सिम घ्यायचं हे आणखी एक कारण.

- कॅटलॉग: प्रत्येक पदार्थाचा फोटो, वजन, दर, किती दिवस टिकतो. ५०० पर्यंत पदार्थ मावतात, तुम्हाला १५ पुरतील. संपलेला पदार्थ लपवून ठेवायला विसरू नका.
- स्वागताचा मेसेज: पहिल्यांदा मेसेज करणाऱ्याला, किंवा १४ दिवस संभाषण नसेल तर पुन्हा, आपोआप जातो. त्यात फक्त ‘स्वागत आहे’ लिहून थांबू नका. नमुना: ‘नमस्कार. दरपत्रक वरच्या कॅटलॉगमध्ये आहे. ऑर्डरसाठी पदार्थ, वजन, पिनकोड आणि कोणत्या तारखेपर्यंत हवं ते लिहा. सकाळी १० ते संध्याकाळी ७ या वेळेत उत्तर मिळेल.’
- झटपट उत्तरं: दर, कुरिअर, टिकण्याचा काळ, पैसे कसे भरायचे, अशी पाच-सहा उत्तरं आधी लिहून ठेवा.
- लेबल (चॅटवर लावायच्या खुणा): नवी विचारणा, पैसे आले, पाठवलं, उधारी. सणाच्या गर्दीत हीच तुमची वही.

ब्रॉडकास्ट लिस्टमधून एकच मेसेज अनेकांना वेगवेगळा जातो. तिच्यात २५६ जण घेता येतात, पण ज्यांनी तुमचा नंबर फोनमध्ये जतन केलाय त्यांनाच मेसेज पोचतो. म्हणून पार्सलमध्ये चिठ्ठी घाला: ‘पुढच्या सणाचे दर आधी हवे असतील तर हा नंबर सेव्ह करा.’ आणि गिऱ्हाइकांना न विचारता त्यांचा ग्रुप करू नका. सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात, आणि चार दिवसांत तिथे सुप्रभात सुरू होतं. कंटाळून लोकांनी तुमची तक्रार केली किंवा ब्लॉक केलं तर नंबरच बंद होण्याची भीती असते.

६. फोटो आणि रील

महागडा कॅमेरा नको. लागेल ते असं: बऱ्यापैकी मोबाइल, लहान ट्रायपॉड, पांढरा पुठ्ठा आणि खिडकी.

सकाळी ९ ते ११ किंवा दुपारी ४ च्या सुमारास खिडकीशेजारी टेबल लावा. थेट ऊन ताटावर पडत असेल तर पातळ पांढरा पडदा किंवा ओढणी आडवी लावा. ट्यूबलाइट बंद करा. बाहेरचा उजेड आणि ट्यूब एकत्र आले की लाडू एका बाजूने निळसर, दुसऱ्या बाजूने पिवळा दिसतो, आणि हा दोष नंतर फिल्टरने जात नाही. उजेड एका बाजूने येतो, तर समोरच्या बाजूला पांढरा पुठ्ठा उभा करा, सावली मऊ होते.

फोटो काढण्याआधी लेन्स सुती कापडाने पुसा. स्वयंपाकघरात फिरणाऱ्या मोबाइलवर तेलाचा थर असतोच, आणि ‘माझे फोटो धुरकट का येतात’ या प्रश्नाचं उत्तर दहापैकी सात वेळा तेच असतं. कॅमेऱ्याचं झूम १एक्सवर ठेवून काढा. खूप जवळ जाऊन वाइड लेन्सने काढला तर ताट वाकडं होतं.

स्टीलच्या ताटात ट्यूब, खिडकी आणि तुमचा हात असं सगळं दिसतं. पितळी परात, लाकडी पाट, केळीचं पान किंवा साधी मातकट थाळी घ्या. दर फोटोला वेगळी मांडणी करण्यापेक्षा एक-दोन ठरवून तीच ठेवा, पेज ओळखीचं होतं. आणि तेच पाकीट, तेच वजन दाखवा जे गिऱ्हाइकाला मिळणार. अर्धा किलोच्या दरावर दोन किलोचा डोंगर दाखवलात तर पार्सल उघडल्यावर वाद होणारच.

पदार्थाचा आतला भाग दाखवा. मोडलेल्या चकलीची नळी, फोडलेल्या लाडवातलं रवाळ बेसन, करंजीचं सारण. वरून सगळ्या चकल्या सारख्याच दिसतात, घेणारा आत काय ते बघतो. इंटरनेटवरून उचललेला फोटो कधीही नको. जाणकार गिऱ्हाईक ओळखतं, आणि मूळ मालकाने तक्रार केली तर पोस्ट जाते.

रील उभी, ९:१६ या प्रमाणात आणि १५ ते ३० सेकंदांची ठेवा. पहिल्या दोन सेकंदांत ‘नमस्कार मंडळी’ आणि लोगो नको, थेट सोऱ्यातून पडणारी चकली किंवा ती मोडल्याचा आवाज. मजकूर मराठीत, मोठ्या अक्षरात, पडद्याच्या मध्यावर. खालच्या पट्टीवर इन्स्टाग्रामचीच अक्षरं येतात. एका रीलचा साधा आराखडा असा:

१. चकली मोडते, आवाज ऐकू येतो (२ सेकंद).
२. भाजणीचे घटक परातीत (५ सेकंद), पडद्यावर नावं.
३. सोऱ्या, कढई, झारा (८ सेकंद).
४. वजन, पाकीट, लेबल (५ सेकंद).
५. दर, गाव, ऑर्डरची शेवटची तारीख (४ सेकंद).

कढईचं चित्रण करताना मोबाइल थेट वर धरू नका. वाफेने लेन्स धुरकटते आणि हात सुटला तर काय होईल ते सांगायला नको. ४५ अंशाच्या कोनात, हातभर लांब.

संगीताचा सापळा लक्षात ठेवा. बिझनेस खात्याला गाजलेली चित्रपटगीतं बहुतेक वेळा वापरायला मिळत नाहीत. कुणी बाहेरून गाणं चिकटवून रील टाकली तर आवाज बंद होतो किंवा रीलच काढली जाते. मेटाच्या साउंड कलेक्शनमधलं संगीत घ्या. खरं तर तळणीच्या आवाजासारखं दुसरं काही चालत नाही.

७. काय लिहायचं

दर लिहा. ‘किंमत इनबॉक्समध्ये’ लिहिणाऱ्यांना वाटतं की त्याने चौकशी वाढते. चौकशी वाढते, विक्री नाही, आणि तेच उत्तर तुम्ही दिवसातून तीस वेळा देत बसता. शेजारचा विक्रेता आपला दर पाहून स्वतःचा पाडेल ही भीती फुकाची आहे, त्याला हवा असेल तर तो गिऱ्हाईक बनून विचारेलच.

मजकुराच्या पहिल्या ओळीत पदार्थ आणि गाव, दुसऱ्या ओळीत वजन आणि दर, मग घटक, टिकण्याचा काळ, ऑर्डरची पद्धत. हॅशटॅग चार-पाच पुरे: पदार्थ, गाव, सण. ज्यांचा आपल्याशी संबंध नाही असे गाजलेले टॅग लावून परदेशातले लाइक मिळतील, चकली कोण नेणार?

‘लाइक करा, शेअर करा, पाच मैत्रिणींना टॅग करा’ ही पद्धत सोडा. अशा पोस्ट मागे ढकलायला फेसबुकने २०१७ च्या डिसेंबरपासूनच सुरुवात केली. ‘स्वतःच्या टाइमलाइनवर शेअर करा आणि बक्षीस मिळवा’ ही स्पर्धा तर त्यांच्या नियमांतच बसत नाही.

औषधी दावे करू नका. ‘मेथीच्या लाडवाने मधुमेह बरा होतो’, ‘या चूर्णाने गुडघेदुखी कायमची जाते’ असली वाक्यं अन्नविषयक नियमांतही अडकतात आणि १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय कायद्यातही. ‘मेथी, डिंक, खारीक घालून, साजूक तुपातले’ एवढं लिहिलं की वाचणाऱ्याला जे समजायचं ते समजतं. कुणा फूड ब्लॉगरला पैसे किंवा फुकट माल देऊन व्हिडिओ करून घेतलात तर ती जाहिरात आहे हे व्हिडिओत दिसलं पाहिजे.

८. वर्षाचं पंचांग हाताशी ठेवा

रोज पोस्ट टाकायची गरज नाही. आठवड्याला दोन पोस्ट, एक रील आणि काम चालू असेल त्या दिवशी स्टोरी, एवढं वर्षभर टिकवणं जास्त कठीण आणि जास्त उपयोगी. मात्र सणाच्या आदल्या आठवड्यात जागं होऊन चालत नाही. लोक कधी ठरवतात त्याप्रमाणे आधी सुरू करा:

- तिळगूळ, गुळाची पोळी: डिसेंबर अखेरपासून.
- मसाले: फेब्रुवारी अखेरपासून नोंदणी, कारण वर्षाचा मसाला एप्रिल-मेमध्ये होतो आणि मिरचीचा भाव तेव्हाच कळतो. नोंदणी घ्या, पण दर ‘मिरचीच्या भावानुसार’ असं स्पष्ट लिहून.
- कुरडया, पापड, सांडगे: मार्च ते मे. गच्चीवरच्या वाळवणाचे फोटो वर्षभर पुरतील एवढे याच दिवसांत काढून ठेवा.
- कैरीचं लोणचं: मे ते पहिला पाऊस.
- उपवासाची भाजणी: आषाढीच्या आधी दोन आठवडे, मग श्रावण आणि नवरात्र.
- मोदक: गणपतीआधी तीन आठवडे नोंदणी. उकडीचे मोदक फक्त गावात, हे ठळक लिहा.
- डिंकाचे, मेथीचे लाडू: नोव्हेंबर ते जानेवारी.

दिवाळीचं वेगळं सांगायला हवं. सहा आठवडे आधी दरपत्रक टाका. परदेशी पार्सलची नोंदणी तेव्हाच सुरू करा, कारण अमेरिका किंवा इंग्लंडमधल्या मुलाला वेळेवर फराळ पोचवायचा तर माल दिवाळीच्या तीन-चार आठवडे आधी हातात हवा. कस्टमचे नियम देशागणिक वेगळे, ते कुरिअरवाल्याकडून लेखी घ्या. तीन आठवडे आधी गावातल्या ऑर्डर, दहा दिवस आधी ‘ऑर्डर बंद’. हा शब्द पाळा. भिंतीवरचा १६० किलोचा आकडा भरला की जाहिरात थांबवा आणि पेजच्या वर ‘नोंदणी पूर्ण’ अशी पोस्ट पिन करा. जास्तीची ऑर्डर घेऊन कमी भाजलेल्या भाजणीची चकली दिली, तर ज्या गिऱ्हाइकांनी पहिली तीन वर्षं उभी केली तीच तुटतात.

कुरिअरने ओल्या खोबऱ्याची करंजी, नरम अनारसे असं काही पाठवू नका, कितीही आग्रह झाला तरी. शंकरपाळी, शेव, चिवडा, बेसन लाडू प्रवास सोसतात. चकली सोसते, पण डब्यात उभ्या रांगा आणि मध्ये कागद घालूनच.

९. पहिली शंभर माणसं

फॉलोअर विकत घेऊ नका. ‘पाचशे रुपयांत पाच हजार फॉलोअर’वाले देतात ती बनावट किंवा भलत्याच देशांतली खाती. ती तुमच्या पोस्टकडे बघत नाहीत, आणि कुणीच बघत नाही म्हटल्यावर फेसबुक ती पोस्ट खऱ्या लोकांनाही दाखवेनासं होतं.

सुरुवात जुन्या गिऱ्हाइकांपासून करा. प्रत्येकाला वेगळा मेसेज, पेजची लिंक आणि एकच विनंती: घेतलेल्या पदार्थाबद्दल दोन ओळी पेजवर लिहा. नंतर गावातले फेसबुक ग्रुप, सोसायटीचे ग्रुप, माहेरच्या आणि शाळेच्या मैत्रिणींचे ग्रुप. प्रत्येक ग्रुपचे नियम वाचा, बऱ्याच ठिकाणी जाहिरातीला आठवड्याचा एकच दिवस असतो. एकच मजकूर एका तासात वीस ग्रुपमध्ये चिकटवलात तर फेसबुक तुम्हाला काही दिवस पोस्ट टाकण्यापासून रोखतं.

पाकिटावर क्यूआर कोड छापा, तो थेट व्हॉट्सॲपवर नेणारा. बचत गटाच्या प्रदर्शनात स्टॉल लावलात तर तोच मोठा छापून टेबलावर उभा करा.

१०. पैसे देऊन जाहिरात

पेजवर किमान १२ ते १५ चांगल्या पोस्ट, दर आणि काही खरे अभिप्राय असल्याशिवाय जाहिरात करू नका. जाहिरातीवरून आलेला माणूस पेज उघडून बघतो, आणि रिकामं दिसलं की जातो. तुमचे पैसे मात्र गेलेले असतात.

पैसे भरून पोस्ट जास्त लोकांना दाखवणारं ‘बूस्ट पोस्ट’चं निळं बटण सोपं आहे, पण लक्ष्य नीट निवडा. लाइक मिळवणारी जाहिरात निवडलीत तर लाइक मिळतील. तुम्हाला हवेत व्हॉट्सॲपवर मेसेज. पायऱ्या:

१. आधीच चांगली चाललेली पोस्ट निवडा, जिच्यावर लोकांनी दर किंवा पत्ता विचारला असेल.
२. उद्दिष्ट: व्हॉट्सॲपवर संदेश.
३. भाग: आपोआप निवडलेला सगळा भारत काढा. तुम्ही जिथे पोचवू शकता तेवढीच शहरं किंवा ठरावीक अंतराचं वर्तुळ.
४. वय आणि आवडी फार बारीक निवडू नका. लहान शहरात आधीच माणसं कमी असतात.
५. रोजचं बजेट आणि शेवटची तारीख दोन्ही घाला. तारीख विसरलात तर पैसे जातच राहतात.
६. पाच दिवस हात लावू नका. रोज बदल केले तर यंत्रणा पुन्हा पहिल्यापासून शिकते.

आयफोनच्या ॲपमधून बूस्ट केलंत तर ॲपलचं ३० टक्के सेवाशुल्क वर लागू शकतं, म्हणून ब्राउझरमधून करा. जाहिरातीच्या खर्चावर १८ टक्के जीएसटी असतो, तो हिशेबात धरा. तुमचा जीएसटी क्रमांक असेल तर बिलिंगमध्ये घाला.

हिशेब असा मांडा. रोज ३०० रुपये, पाच दिवस: १,५०० रुपये. जीएसटी २७०, एकूण १,७७०. समजा ५९ मेसेज आले, म्हणजे एक मेसेज ३० रुपयांना. त्यातल्या १२ जणांनी ऑर्डर दिली, म्हणजे एक ऑर्डर साधारण १४८ रुपयांना पडली. अर्धा किलो चकलीवर तुम्हाला ९० रुपये सुटत असतील तर पहिल्या ऑर्डरवर ५८ रुपये तोटा. मग तीन मार्ग: किमान ऑर्डर एक किलोची करा, फराळाचा संच विका, किंवा तेच गिऱ्हाईक पुन्हा येईल याची तजवीज करा. ५९ मेसेजांपैकी फक्त १२ का, हेही तपासा. बहुतेक वेळा उत्तर चार तासांनी दिलेलं असतं, किंवा कुरिअरचा खर्च ऐकून माणूस मागे फिरलेला असतो. दुसरं कारण असेल तर कुरिअरचा दर जाहिरातीतच लिहा. मेसेज कमी येतील, ऑर्डरी तेवढ्याच राहतील, खर्च उतरेल.

प्रत्येक नव्या माणसाला ‘आम्हाला कुठे पाहिलंत?’ हे विचारा आणि वहीत लिहा. ॲपच्या आकड्यांपेक्षा ही वही खरं सांगते.

११. फसवणूक

पेज थोडं चालू लागलं की हे येणारच.

- ‘तुमचं पेज कॉपीराइटच्या उल्लंघनामुळे २४ तासांत बंद होईल, इथे क्लिक करा.’ असा मेसेज मेटाच्या नावाने इनबॉक्समध्ये येतो. लिंक उघडून पासवर्ड दिला की पेज गेलं. खरी सूचना पेजच्या सपोर्ट किंवा गुणवत्ता विभागात दिसते, कुणा ‘मेटा सपोर्ट’ नावाच्या पेजकडून मेसेजने येत नाही.
- ‘मी लष्करात आहे, युनिटसाठी ४० किलो लाडू हवेत.’ भाव करत नाही, चव विचारत नाही, आणि आगाऊ पैसे देण्यासाठी क्यूआर कोड पाठवतो: ‘स्कॅन करा, पिन टाका, पैसे जमा होतील.’ पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे तुमच्याकडून जातात.
- पैसे भरल्याचा बनावट स्क्रीनशॉट. बँकेच्या खात्यात रक्कम दिसल्याशिवाय पार्सल बाहेर काढू नका, मग गाडीवाला दारात उभा असला तरी.

पैसे गेलेच तर लगेच १९३० या हेल्पलाइनवर फोन करा आणि बँकेला कळवा. जितकं लवकर तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

१२. वाईट कमेंट आली तर

पुसू नका. शिवीगाळ असेल तर लपवा, तक्रार असेल तर तिथेच, सगळ्यांसमोर, थोडक्यात उत्तर द्या: ‘ताई, चकली मऊ पडली याबद्दल माफ करा. बॅच क्रमांक व्हॉट्सॲपवर पाठवाल का? त्या दिवशीचा माल तपासतो, आणि बदलून देतो.’ बाकीचं बोलणं खाजगीत. बॅच क्रमांक इथेच कामाला येतो. एकाच बॅचच्या दोन तक्रारी असतील तर दोष आपल्याकडचा, पिशवीचं सील किंवा गरम असतानाच भरलेला माल. एकच असेल तर बहुधा वाटेत डबा उघडा राहिलेला.

तुटून आलेल्या मालासाठी नियम आधीच हायलाइटमध्ये लिहा: पार्सल उघडतानाचा व्हिडिओ, २४ तासांत कळवणे, मग बदली किंवा पैसे परत. हा नियम भांडण झाल्यावर सांगितला तर पळवाट वाटतो. आणि बदली पाठवली की त्याच कमेंटखाली ‘आज पाठवलं आहे’ एवढं लिहा, पार्सलच्या तारखेसह.